वाद्य शिकणारी मुले, परीक्षा आणि पालकांची भूमिका

म्हैसूर शहराच्या उत्तरेकडील मेटगळ्ळी हा परिसर मुख्यत्वे औद्योगिक वसाहत म्हणून ओळखला जातो. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील नोट मुद्रण कंपनीचा येथील छापखाना १९९६ मध्ये सुरू झाला. त्याच्या आजूबाजूस वाहनांचे टायर आणि यंत्रसामग्री तयार करणारे कारखाने आहेत. अशा वसाहतींत नोकरीनिमित्त देशाच्या निरनिराळ्या भागांतून कुटुंबे येतात, काही वर्षे राहतात आणि बदली होताच निघून जातात. या स्थलांतरात मुलांची शाळा बदलते, भाषा बदलते, याची चर्चा पुष्कळ होते. परंतु सांगली, नाशिक किंवा पुण्यात तबल्याच्या दोन परीक्षा दिलेल्या मुलाचे वाद्यशिक्षण म्हैसूरमध्ये आल्यावर कसे चालू राहावे, हा प्रश्न पालकांना एकट्यानेच सोडवावा लागतो. अनेकदा तो सुटत नाही आणि तबला कपाटावर जाऊन बसतो.

महाराष्ट्रातील बहुसंख्य मुले ज्या परीक्षा देतात, त्यांचे मूळ पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या कार्यात आहे. कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेल्या पलुसकरांची दृष्टी लहानपणी फटाक्यामुळे अधू झाली. उपचारासाठी ते मिरजेस आले आणि तेथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे संगीतशिक्षण झाले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. ठराविक अभ्यासक्रम, वर्ग, शुल्क आणि पदवी हे त्या काळी गायन-वादनाच्या क्षेत्रात नवलाचेच होते. त्यांच्या निधनानंतर शिष्यवर्गाने १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद आणि अलंकार ही त्या मंडळाच्या परीक्षांची चढती श्रेणी आज घरोघरी परिचित आहे. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत या परीक्षा होतात. पहिल्या दोन परीक्षा केवळ प्रात्यक्षिक व तोंडी स्वरूपाच्या असतात, तर प्रवेशिका पूर्णपासून लेखी प्रश्नपत्रिका येते.

कर्नाटकात चित्र निराळे आहे. तेथे ज्युनियर, सीनियर, प्रोफिशियन्सी आणि विद्वत अशा श्रेणींच्या शासकीय परीक्षा असून त्यांत कर्नाटक संगीताला स्वाभाविकपणे प्राधान्य आहे. पूर्वी हे काम राज्याच्या शालान्त परीक्षा मंडळाकडे होते. अलीकडे ते म्हैसूर येथीलच कर्नाटक राज्य डॉ. गंगूबाई हनगल संगीत व प्रदर्शन कला विद्यापीठाकडे सोपविण्यात आले आहे. ज्या गंगूबाईंनी आयुष्यभर हिंदुस्थानी ख्याल गायला, त्यांच्या नावाचे विद्यापीठ कर्नाटक संगीताच्या राजधानीत असावे, हा योग लक्षणीय म्हटला पाहिजे.

म्हैसूरला कर्नाटक संगीताची राजधानी म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. वीणा शेषण्णा आणि सात तारांचे व्हायोलिन वाजविणारे टी. चौडय्या ही नावे याच नगरीशी जोडलेली आहेत. महाराज जयचामराज वडियार हे पाश्चात्य संगीताचेही जाणकार होते. लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले होते आणि १९४५ मध्ये ट्रिनिटी महाविद्यालयाने त्यांना मानद फेलो केले होते. परीक्षा देऊन संगीताचे प्रमाणपत्र मिळविण्याची प्रथा या शहरात राजवाड्यापर्यंत पोहोचली होती, असे यावरून दिसते.

तबला की मृदंगम?

नव्या गावात आलेल्या पालकांची पहिली चूक बहुधा हीच होते, की जवळ जो वर्ग असेल त्यात मुलाला घातले जाते. तबला आणि मृदंगम ही दोन्ही तालवाद्ये असली तरी एकाचा हात दुसऱ्यावर चालत नाही. तबला-डग्गा ही दोन स्वतंत्र भांडी आहेत, तर मृदंगम हे एकच आडवे वाद्य दोन्ही तोंडांनी वाजते. बोटांची ठेवण, बोलांची निघण्याची जागा, पहिले धडे, सारेच वेगळे. तबल्यावर त्रितालाच्या सोळा मात्रा चार विभागांत मोजल्या जातात आणि नवव्या मात्रेवर खाली येते. कर्नाटक पद्धतीत आदि ताल आठ अक्षरांचा असून एक टाळी आणि तीन बोटांची मोजणी, त्यानंतर दोनदा टाळी व हात उलटा करणे, अशा क्रियेने तो दाखविला जातो. मुलाची लयीची जाण मात्र वाया जात नाही. तीन वर्षे त्रिताल हातात घोळविलेले मूल आदि ताल लवकर धरते, केवळ बोटांना नव्याने सुरुवात करावी लागते.

व्हायोलिनच्या बाबतीत फसगत अधिक होते, कारण वाद्य तेच दिसते. पाश्चात्य पद्धतीत ते खांद्यावर धरले जाते. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचे टोक पायावर टेकवून वाजवितात. तारांचे स्वरही पद्धतीनुसार बदलतात. कर्नाटक पद्धतीत त्या बहुधा षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा लावल्या जातात. सुरुवातीचा अभ्यास मायामाळवगौळ रागातील सरळी वरिसे, जंट वरिसे, अलंकार आणि मग गीते या क्रमाने चालतो. या पाठक्रमाचे श्रेय परंपरेने पुरंदरदासांना दिले जाते. त्यांचे नाव पुण्याजवळील पुरंदरगडाशी जोडणारी परंपराही आहे, जरी जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. भूप आणि यमन वाजविणाऱ्या मुलाला कोमल ऋषभ व कोमल धैवत असलेला हा राग प्रारंभी कठीण वाटतो. ते मूल मंद आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई पालकांनी करू नये.

अशा वेळी तीन मार्ग असतात. पूर्वीच्या गुरूंकडे दूरचित्रसंवादाने शिकणे चालू ठेवणे, शहरात हिंदुस्थानी शिकविणारे गुरू शोधणे, किंवा पद्धत बदलून नव्याने आरंभ करणे. पहिला मार्ग सोपा वाटतो. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मनगटाची ठेवण पडद्यावर नीट दिसत नाही आणि आवाज उशिरा पोहोचत असल्याने गुरू-शिष्यांना एकत्र वाजविता येत नाही. दोन-तीन वर्षेच राहावयाचे असेल तर हा मार्ग पुरेसा आहे. दीर्घ मुक्काम असेल आणि मूल लहान असेल, तर ज्या शहरात राहतो त्या शहराचे संगीत शिकणे हाच अधिक शहाणपणाचा निर्णय ठरतो. म्हैसूरमध्ये राहून वीणेकडे पाठ फिरविणे म्हणजे मिरजेत राहून सतार न ऐकण्यासारखे आहे.

गुणांचे गणित

परीक्षांकडे ओढा वाढण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. महाराष्ट्रात दहावीच्या निकालात शास्त्रीय गायन, वादन व नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्याची योजना आहे. ही सवलत महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मेटगळ्ळीतील केंद्रीय अभ्यासक्रमाच्या किंवा कर्नाटक मंडळाच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला तिचा लाभ होत नाही, हे पालकांनी आधीच लक्षात घेतलेले बरे. मुलाला मध्यमेपर्यंत रेटत नेल्यानंतर हे कळले, तर त्याचा राग मुलावर निघतो. याउलट केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची १९८२ पासूनची शिष्यवृत्ती योजना दहा ते चौदा वयोगटातील मुलांसाठी असून ती कोणत्याही एका राज्यापुरती नाही.

पाश्चात्य वाद्यांसाठी ट्रिनिटी आणि इंग्लंडमधील असोसिएटेड बोर्ड या संस्थांच्या श्रेणीपरीक्षा भारतात होतात. गोव्यात पियानो आणि व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांना त्या परिचित आहेत. तेथे आठ मुख्य श्रेणी असतात. ट्रिनिटीत शंभरपैकी साठ गुणांना उत्तीर्ण, पंचाहत्तरांना मेरिट आणि सत्त्याऐंशीला डिस्टिंक्शन मिळते. असोसिएटेड बोर्डात दीडशेपैकी शंभर गुण उत्तीर्ण होण्यासाठी आवश्यक असतात. शंभर हा आकडा पाहून हुरळून जाणाऱ्या पालकांना तो केवळ उत्तीर्णतेचा आहे, हे ठाऊक नसते.

संशोधन काय सांगते?

मुलांच्या रियाजाविषयी ऑस्ट्रेलियातील संशोधक गॅरी मॅकफर्सन यांचे काम येथे उपयुक्त आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना पहिला धडा मिळण्यापूर्वीच त्यांनी विचारले, की हे वाद्य किती काळ वाजविण्याचा तुझा विचार आहे? ज्यांनी दीर्घकाळाचे उत्तर दिले, त्यांची प्रगती इतरांहून अधिक झाली. मूल स्वतःच्या मनात स्वतःला वादक समजते की नाही, याला किती महत्त्व आहे ते यातून दिसते. २००१ मध्ये मॅकफर्सन आणि जेम्स रेनविक यांनी मुलांच्या घरच्या रियाजाचे चित्रीकरण तपासले, तेव्हा बहुतेक वेळ तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजविण्यातच जातो, असे आढळले. जेथे अडते तेथे थांबून तेवढाच भाग सावकाश घोटणे फार थोडी मुले करतात.

आपल्या घरांतही हेच ऐकू येते. पेशकार सुरू होतो, तिसऱ्या ओळीवर अडखळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अर्ध्या तासात पहिल्या दोन ओळी वीस वेळा वाजतात, अडलेली ओळ अडलेलीच राहते. संगीत न येणाऱ्या पालकालाही येथे मदत करता येते. कोठे अडते एवढे कानाने ओळखून, तेवढीच ओळ पाच वेळा निम्म्या लयीत वाजवावयास सांगणे पुरेसे असते.

इंग्लंडमधील डेव्हिडसन, हाऊ आणि स्लोबोडा यांच्या १९९६ च्या अभ्यासातही यशस्वी मुलांचे पालक स्वतः संगीतज्ञ असतातच असे दिसले नाही. मात्र सुरुवातीच्या वर्षांत ते शिक्षकांशी बोलत आणि रियाजाच्या वेळी जवळ असत. मूल मोठे झाल्यावर ती जबाबदारी त्याच्याकडे जाई. आपल्याकडे बऱ्याचदा याच्या उलट घडते. सातव्या वर्षी मुलाला वर्गाच्या दाराशी सोडून दिले जाते आणि चौदाव्या वर्षी परीक्षा जवळ आली की आई-वडील डोक्यावर बसतात. जपानचे व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी तर पालकांनीच आधी थोडे वाजवावयास शिकावे, असा आग्रह धरीत.

परीक्षेच्या दालनात

प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षक केवळ वादन ऐकत नाहीत. तबल्याच्या विद्यार्थ्याला हातावर टाळी-खाली दाखवीत बोल म्हणावयास सांगितले जाते, ठेका दुगुनीत विचारला जातो, व्याख्या विचारल्या जातात. वाजविता उत्तम येते पण पढंत करता येत नाही, म्हणून गुण गमावणारी मुले पुष्कळ असतात. कारण घरी कोणी त्यांना मोठ्याने बोल म्हणताना ऐकलेलेच नसते. स्वयंपाक करताना, शाळेच्या बसची वाट पाहताना पढंत ऐकता येते आणि त्यासाठी वाद्यही लागत नाही.

वाद्याची तयारी ही दुसरी बाब. तबल्याचे चामडे दमट हवेत उतरते, म्हणून परीक्षा केंद्रावर लवकर पोहोचून हातोडीने स्वर मिळविण्यास वेळ ठेवावा लागतो. तंतुवाद्य असेल तर जादा तारा, सतारीसाठी दुसरी नखी, व्हायोलिनसाठी राळ जवळ असावी. वाद्याचे माप मुलाच्या शरीराला शोभेसे हवे. व्हायोलिन पाव, अर्धे आणि पाऊण मापात मिळते. पुढे उपयोगी पडेल म्हणून पूर्ण मापाचे वाद्य घेणे म्हणजे पायाला मोठा जोडा घालून धावावयास सांगणे होय. पेटी तुलनेने सोपी पडते. याच पेटीला आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती आणि ती पुढे तीन दशके कमी-अधिक प्रमाणात टिकली, हे मुलांना सांगितले तर त्यांना गंमत वाटते.

निकालाच्या दिवशीची वागणूक पालक फारशी गांभीर्याने घेत नाहीत. वास्तविक वाद्य सुटते ते बहुधा याच सुमारास. अनुत्तीर्ण झालेल्या मुलापेक्षा द्वितीय श्रेणी मिळालेल्या आणि शेजारच्या मुलाशी तुलना झालेल्या मुलाचे वाद्य अधिक वेगाने बंद पडते. पुढील परीक्षा एक सत्र सोडून दिली तरी काही बिघडत नाही. उलट दोन परीक्षांच्या मध्ये अभ्यासक्रमाबाहेरची एखादी धून, भजन किंवा चित्रपटगीत बसविले, तर वाद्य परीक्षेपुरते नाही हे मुलाला कळते. नववी-दहावीत शाळेचा भार वाढतो तेव्हा रियाज पूर्ण बंद करण्याऐवजी पंधरा मिनिटांवर आणावा. बंद पडलेला हात पुन्हा सुरू करणे फार जड जाते.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी आधीच्या सर्व परीक्षांची प्रमाणपत्रे व गुणपत्रिका मूळ स्वरूपात जपून ठेवाव्यात. पुढील परीक्षेचा अर्ज दुसऱ्या केंद्रातून भरताना त्यांची गरज भासते आणि बदलीच्या सामानात हीच कागदपत्रे प्रथम हरवतात.

म्हैसूरमध्ये आणखी एक गोष्ट नव्याने आलेल्या मराठी मुलांना अनुभवावयास मिळते. दसऱ्याच्या दिवसांत राजवाड्यासमोर संगीताचे कार्यक्रम होतात आणि ज्येष्ठ वादकांना समोर बसून ऐकता येते. सरस्वतीपूजेला घरातील वाद्ये देव्हाऱ्याजवळ ठेवली जातात आणि ती उचलली जाईपर्यंत वाजविली जात नाहीत. विजयादशमीला ती उचलली जातात, नव्या विद्यार्थ्यांचा पहिला धडा त्याच दिवशी होतो, आणि गांधर्वच्या हिवाळी सत्राला बसणाऱ्यांच्या हाती तेव्हा जेमतेम एक-दोन महिने उरलेले असतात.