‘मी ठीक आहे’ हे कोणी ठरवावे?

पिट्सबर्ग पेंग्विन्स या बर्फावरील हॉकीच्या व्यावसायिक संघाचा कर्णधार सिडनी क्रॉस्बी याच्या डोक्याला १ जानेवारी २०११ रोजी मार बसला. तो खेळतच राहिला; चार दिवसांनी पुन्हा आघात झाला. मग तो परतला थेट नोव्हेंबरात. आज त्या स्पर्धेत मेंदूला धक्का बसल्याचा संशय येताच खेळाडूला बाहेर काढून तपासतात, त्याच्या शब्दावर विसंबत नाहीत. प्रशिक्षकाला ते जाचत असणारच!

वाचकहो, न्हाणीघरात घसरलेले आजोबाही ‘मी ठीक आहे’ म्हणतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर टेंगूळ नसले तरी त्यांना लगेच रुग्णालयात न्या. मेंदूभोवती हळूहळू साचणारे रक्त कधी काही आठवड्यांनी डोकेदुखी, गुंगी, विसराळूपणा, तोल जाणे अशा रूपांत प्रकटते. एका आजोबांच्या बाबतीत ‘वयोमानाने असेल’ असे मीच म्हणालो होतो. सूनबाईंनी स्कॅनचा हट्ट धरला, म्हणून निभावले.