मत्स्यबीज घेण्यापूर्वी माशाचे शास्त्रीय नाव पाहा

शेततळ्यात सोडावयाचे बीज विकत घेताना आपण माशाचे केवळ बोलीतील नाव विचारतो. एकाच नावाखाली दोन भिन्न जाती विकल्या जात असतील, तर मात्र फसगत होते. मागूर हे याचे ठळक उदाहरण होय. देशी मागूर म्हणजे ‘क्लॅरियस मागूर’; आणि ज्याला थाई मागूर म्हणतात तो मूळचा आफ्रिकेतील ‘क्लॅरियस गॅरिएपिनस’. हा दुसरा मासा अत्यंत खादाड असून, नदीनाल्यांत शिरल्यास तेथील मासळी फस्त करतो. भारत सरकारने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. असे बीज तळ्यात आढळल्यास सर्व साठा नष्ट करावा लागतो व शेतकऱ्याचा खर्च बुडतो.

म्हणून विक्रेत्याकडून पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे व ते इंटरनेटवर ताडून पाहावे. या कामी ‘फिशबेस’ हे संकेतस्थळ विनामूल्य उपलब्ध आहे. डॅनियल पॉली व रायनर फ्रोझे या शास्त्रज्ञांनी मनिला येथे आरंभिलेला हा संग्रह १९९६ पासून इंटरनेटवर असून, त्यात ३५,००० हून अधिक जातींची माहिती आहे. नाव रोमन लिपीत टाकताच माशाचे चित्र, मूळ प्रदेश, आहार आणि निरनिराळ्या भाषांतील नावे समोर येतात.

पुस्तकांतून एकाच माशाची दोन शास्त्रीय नावे आढळली, तर गोंधळून जाऊ नये. कटल्यास कोठे ‘कटला कटला’, तर कोठे ‘लेबिओ कटला’ म्हटलेले असते; मासा तोच. हॅमिल्टनने १८२२ मध्ये रोहूला ‘सायप्रिनस रोहिता’ म्हटले. आज तो ‘लेबिओ रोहिता’ आहे. कोणते नाव ग्राह्य धरावे, हे कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीच्या ‘कॅटलॉग ऑफ फिशेस’ या सूचीत पाहता येते. कर्नल साइक्स यांनी तर दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावे देताना येथील मराठी नावेच घेतली. ‘टॉर खुद्री’मधील खुद्री त्यांपैकीच एक होय.

या नोंदी वाचताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. तेथे दिलेले कमाल वजन हे आजवर आढळलेल्या सर्वांत मोठ्या माशाचे असते. रोहूपुढे ४५ किलो दिसले, म्हणून उत्पन्नाचा हिशेब त्यावर मांडणे हा शुद्ध भाबडेपणा ठरेल. आपल्या तळ्यात वर्षाअखेर एक किलोच्या आसपास वाढ झाली, तरी ती चांगली समजावी.

मत्स्यजिरे व लहान बोटुकली नुसत्या चित्रावरून ओळखणे कठीण असते. संशय आल्यास बीज तळ्यात न सोडता वेगळ्या टाकीत ठेवावे आणि त्यातील काही नमुने जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवावेत. बिलाची पावती सोबत न्यावी.