थकलेलं बिल आणि व्यापारी वकील

बोईसरच्या लहान वर्कशॉपने तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्याला सुटे भाग दिले आणि बिल थकलं, तर व्यापारी दाव्यांचा वकील आधी कायद्याचं पुस्तक उघडत नाही, फाईल मागतो. पर्चेस ऑर्डर, ई-मेल आणि डिलिव्हरी चलान. चलानावर गेटचा शिक्का आहे का, सही कोणाची, कोपऱ्यात 'तपासणी बाकी' असं कोणी खरडलंय का, यावर निम्मी लढाई ठरते. कोर्टातलं भाषण हा या कामाचा लहानसाच भाग.

२०१५च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली २०१८पासून किमान ३ लाखांचे वाद येतात. तातडीचा अंतरिम दिलासा नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. समन्स बजावल्यापासून १२० दिवसांत कैफियत आली नाही, तर प्रतिवादीचा तो हक्क जातो.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६च्या एमएसएमई विकास कायद्याचा आणखी एक रस्ता आहे. जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. नाहीतर बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढ व्याज. पण उद्योगाची नोंदणी व्यवहाराआधीची असलेली बरी. पैसे अडकल्यावर नोंदणीला धावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

उधारीची मुदत संपल्यापासून साधारण ३ वर्षांत दावा दाखल व्हावा लागतो. फोनवरच्या 'पुढच्या आठवड्यात देतो'ने दाव्याची मुदत वाढत नाही. ती संपण्याआधी सहीची लेखी कबुली घेऊन ठेवा.