‘हनी’ ह्या शब्दाचे अर्थ

चेन्नईच्या रस्त्यावर तमिळ अक्षरे जुळवून वाचू शकणारा मराठी माणूस ‘मदु’ हा शब्द असलेल्या पाटीपाशी थबकतो. तमिळ लिपीत त, द आणि ध यांना एकच अक्षर असल्यामुळे हा आपलाच ‘मधु’ होय, हे त्याच्या ध्यानी येते. परंतु त्या दुकानात मध मिळत नाही. तमिळमध्ये ‘मदु’ म्हणजे दारू. राजगोपालाचारींच्या सरकारने १९३७ साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली. अशा बंदीला तमिळमध्ये ‘मदुविलक्कु’ असे म्हणतात. तमिळनाडूत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर तर पूर्वी मदु देशाला, घराला आणि जिवाला घातक असल्याचा इशाराच छापलेला असे. मधासाठी तमिळ भाषेचा स्वतःचा शब्द आहे ‘तेन’. तेलुगूतील ‘तेने’ आणि कन्नडातील ‘जेनु’ ही त्याचीच भावंडे. घरचा शब्द मधावर ठाण मांडून असल्याने संस्कृतातून आलेल्या पाहुण्याच्या वाट्याला पेला आला.

पेला ह्या पाहुण्याला नवा नव्हता. संस्कृतात मधु म्हणजे मध, तसेच मादक पेय, वसंत ऋतू आणि चैत्र महिनाही. (‘मद्य’ हा शब्द मात्र ‘मद्’ ह्या निराळ्या धातूपासून आलेला आहे, केवळ नादसाम्यावरून दोहोंना एका कुळात बसवू नये.) मधुचे ग्रीक भावंड ‘मेथू’ म्हणजे मद्य, रशियन ‘म्योद’ म्हणजे मध, आणि इंग्रजी ‘मीड’ म्हणजे मध आंबवून केलेली दारू. चेन्नईत जे दिसते तेच इंग्लंडातही घडलेले आहे: मधुकुळातील शब्द पेयापाशी राहिला आणि मधासाठी दुसराच शब्द रूढ झाला. तोच ‘हनी’. त्याचे जुने इंग्रजी रूप ‘हुनिग’ असे होते. त्याचे मूळ पिवळ्या, सोनेरी रंगाच्या वाचक शब्दात असावे असा तर्क आहे. काही भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘कांचन’शी जोडतात. म्हणजे इंग्रजाने मधाला नाव दिले ते बहुधा रंगावरून, चवीवरून नव्हे.

ह्या शब्दाचे जे सामासिक शब्द झाले, त्यांपैकी ‘हनीमून’ सर्वांत दूर पोहोचला. मराठीने त्याचा ‘मधुचंद्र’ केला, तमिळने ‘तेनिलवु’. १९६१ साली श्रीधर यांनी त्याच नावाचा तमिळ चित्रपटही काढला. दोन्ही भाषांतरे शब्दशः आहेत, पण मूळचा खोचकपणा त्यांत उतरलेला नाही. जॉन हेवुडच्या १५४६ सालच्या म्हणींच्या पुस्तकात हा शब्द येतो. पौर्णिमेचा चंद्र जसा दुसऱ्या दिवसापासून कलेकलेने उतरू लागतो तशीच नवविवाहितांची गोडी, अशी त्या शतकातील लेखकांची समजूत दिसते. डॉ. जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशात तो विवाहानंतरचा निव्वळ प्रेमाचा आणि सुखाचा पहिला महिना झाला. पुढे तो प्रवास झाला, आणि आपल्याकडे आला तो ह्या शेवटच्या अर्थाने.

‘हनीड वर्ड्‌स’ म्हणजे मधाळ बोलणे. येथे मराठी वाचकाला काही समजावून सांगावे लागत नाही, कारण ‘मधाचे बोट लावणे’ ह्या वाक्प्रचारात तोच संशय आहे. जॉन ल कॅरेच्या १९७४ सालच्या कादंबरीने हेरगिरीतील ‘हनी ट्रॅप’ सर्वतोमुखी केला. मराठी वृत्तपत्रे तो तसाच छापतात.

खरी अडचण शास्त्रीय लेखनात येते. ‘हनीड्यू’ म्हणजे मावा, तुडतुडे ह्यांसारखे कीटक पानांतील रस शोषून जो गोड, चिकट द्रव बाहेर टाकतात तो. त्यावर काळी बुरशी वाढते, पानाला ऊन मिळेनासे होते आणि पीक खंगते. कृषिपुस्तिकेत ह्याला ‘मधुदव’ म्हटले तर शब्द सुंदर होईल, परंतु ते रोगाचे लक्षण आहे हे शेतकऱ्याला कळणार नाही. त्याला ‘पानांवरचा चिकट द्रव’ म्हणणेच रास्त. काँक्रीट नीट न दाबल्यामुळे राहणाऱ्या पोकळ्यांना अभियंते ‘हनीकोंब’ म्हणतात. तेथेही ‘मधाचे पोळे’ म्हणण्यात अर्थ नाही. मधुमेहाचे मात्र सुदैवाने जमून आले आहे: लॅटिन ‘मेलिटस’ आणि संस्कृत ‘मधुमेह’ ह्या दोन्ही शब्दांत रुग्णाच्या मूत्राचा गोडवा नोंदलेला आहे. तमिळचा रूढ शब्द ‘नीरिळिवु’ मात्र गोडवा बाजूला ठेवून पाण्याच्या ऱ्हासाकडे बोट दाखवतो.

उरला तो संबोधनाचा ‘हनी’. चॉसरच्या एका कथेतला प्रेमिक आपल्या प्रियेला मधाचे पोळेच म्हणतो. तमिळ चित्रगीतांत ‘माने, तेने’, म्हणजे हे हरिणी, हे मधा, अशी साद इतकी घातली गेली की तिची थट्टा होऊ लागली. पण ही झाली गाण्याची भाषा. इंग्रजी घरात ‘हनी’ किल्ल्या शोधतानाही म्हटले जाते आणि चिडूनही. चेन्नईत पतीला हाक मारण्याचा पारंपरिक शब्द ‘एन्नंग’, मराठीत ‘अहो’. अमेरिकन उपाहारगृहातील वाढणारी बाई अनोळखी गिऱ्हाइकाला ‘हनी’ म्हणते, तेथे वयाप्रमाणे ‘बाळा’ किंवा ‘दादा’ चालून जाईल. पती-पत्नींच्या संवादात तसे चालत नाही. इंग्रजीत दोघेही एकमेकांना ‘हनी’च म्हणतात. मराठीत नवऱ्याच्या तोंडी ‘अगं, किल्ल्या पाहिल्यास का?’ आणि बायकोच्या तोंडी ‘अहो, किल्ल्या पाहिल्यात का?’ असे लिहिले, की मुळात नसलेला मानाचा फरक त्या घरात शिरतो. आणि दोघांनाही अरेतुरे करावे, तर त्या जोडप्याचे वय आणि पिढी भाषांतरकाराला आधी ठरवावी लागते.