काठ सोडला, तरी उतारा टिकला

शेतातील काही जमीन वन्यजीवांसाठी सोडली की तेवढे उत्पन्न बुडाले, हे गृहीत इतके रुजलेले आहे की युरोपात अशा जमिनीपोटी शेतकऱ्याला मिळणारे अनुदानसुद्धा बुडालेल्या उत्पन्नाच्या हिशेबाने ठरते. इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात हिल्सडेन येथील सुमारे ९०० हेक्टरांच्या व्यापारी शेतावर या गृहीताची परीक्षा झाली, आणि रिचर्ड पायवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे काही भागांत ३ टक्के, तर काहींत ८ टक्के जमीन लागवडीतून काढून तिच्यावर रानफुले व गवत वाढवण्यात आले. तरीही सहा वर्षांच्या प्रयोगात एकूण उत्पादन घटले नाही, उलट काही पिकांचे वाढले.

सोडलेली जमीन शेताच्या काठाची होती, हे येथे निर्णायक ठरते. ट्रॅक्टर वळवल्याने दबलेली माती, कुंपणाच्या झाडांची सावली आणि तणांचा उपद्रव यांमुळे काठावर मुळातच उतारा कमी पडतो. म्हणजे त्याग म्हणावा असे त्यात फारसे काही नव्हते.

उरलेली भरपाई कीटकांकडून होते. फील्ड बीन या द्विदल पिकाचे फूल लांब नळीचे असल्याने त्याच्या परागीभवनासाठी, म्हणजे पराग स्त्रीकेसरापर्यंत पोचवण्यासाठी, लांब जिभेच्या बंबलबी या केसाळ रानमाश्या विशेष उपयोगी पडतात. आखूड जिभेच्या काही जाती मात्र फुलाच्या बुडाशी भोक पाडून मकरंद परस्पर पळवतात. या माश्यांची वसाहत एका हंगामापुरती असते आणि केवळ नवी राणी हिवाळा काढते, त्यामुळे पीक फुललेले असते ते मोजके आठवडे वगळता त्यांना अन्न पुरवते ते काठावरचे रानफूलच. गव्हाला परागवाहक लागत नाहीत. त्याच्या कामी येतात ते गवताच्या झुपक्यांत हिवाळा काढून वसंतात पिकात शिरणारे, मावा खाणारे भुंगेरे. असे अधिवास एका हंगामात उभे राहत नाहीत, म्हणूनच पिकाखालील भागातील वाढ वर्षागणिक अधिक ठळक होत गेली.

महाराष्ट्रातील दोन एकरांच्या शेताला ही टक्केवारी जशीच्या तशी लावता येणार नाही, कारण तेथे मोठी यंत्रे वळवण्याइतका रुंद काठच नसतो. परंतु मधमाश्यांवाचून ज्याचे बी नीट धरत नाही त्या कांद्याच्या बीजोत्पादकाला बांधावरील फुलांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.