मावशी, कांदा कुठल्या गावचा?

अलिबाग-मुरूड करत आगरदांड्याला जायचं, फेरीबोटीने दिघीला उतरायचं आणि पुढे दिवेआगर! रायगडमधला हा हिट रूट. उन्हाळ्याच्या तोंडावर निघालात, तर अलिबागजवळ रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील.

कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांत भात निघालं की त्याच शेतात वाफे करून हा कांदा लावतात. काढल्यावर पातीसकट सुकवून त्याच्या वेण्या घालतात. बियाण्यासाठी चांगले कांदे शेतकरी स्वतःच राखून ठेवतात.

तो गोड का लागतो? साखर जास्त म्हणून नव्हे, तर तिखटपणा आणणारी गंधकयुक्त द्रव्यं कमी म्हणून. त्यामुळे कच्चाही मस्त लागतो आणि त्यातले तंतू पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य ठरतात. पण ‘औषधी’ म्हणून भाव खाणाऱ्या या कांद्यात क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट मात्र लाल कांद्यापेक्षा कमीच!

जीआय मानांकन मिळालंय खरं, तरी बाहेरचा पांढरा कांदा ‘अलिबागचा’ म्हणून खपवला जातोच. नुकसान कुणाचं? ज्यांनी बी जपलं त्यांचं. म्हणून माळ घेताना एवढं विचाराच, ‘मावशी, कुठल्या गावचा?’