निजलेले यंत्र आणि बंद यंत्र

रात्री जेवणे आटोपली, ओटा पुसला, गॅसचा खटका बंद केला, दाराची कडी पाहिली, की आपण रिमोटने टीव्ही बंद करतो आणि निजायला जातो. पण दिवा मालवल्यावर एकदा त्या टीव्हीकडे नीट पाहा. कोपऱ्यात एक लाल ठिपका जळतच असतो. टीव्ही बंद झालेला नसतो. तो निजलेला असतो, आणि तोही एक कान उघडा ठेवून! तो कान उघडा नसता, तर सकाळी रिमोटची हाक त्याला ऐकू आली असती का?

इतक्या साध्या गोष्टीचा मी कधी विचार केला नव्हता. तो करायला लावला सांगलीतल्या आमच्या शाळेच्या वीस संगणकांनी आणि माझ्या माहेरच्या विहिरीवरल्या मोटारीने.

शाळेत मी अर्धवेळ शिक्षिका आहे. विषय मराठी, पण एमएस-सीआयटी केलेली, म्हणून संगणकाचे तासही माझ्याच गळ्यात पडले. तास पस्तीस मिनिटांचा. मुलींनी चपला काढून आत यायचे, मी वाकून वाकून वीस बटणे दाबायची, मग यंत्रे जागी होईपर्यंत वाट पाहायची. दहा मिनिटे तिथेच गेली. शेवटी संगणक दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणाला, "बाई, सगळे केबलनंच जोडलेत ना? मग तुमच्या टेबलावरून सुरू होतील की! वेक ऑन लॅन म्हणतात त्याला."

लॅन म्हणजे एका इमारतीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणारे जाळे. आणि वेक म्हणजे उठवणे, हे काय आपल्याला सांगायला हवे? घरात सगळ्यांना उठवण्याचे काम आपण रोजच करतो!

ही युक्ती तशी जुनीच. १९९५ च्या सुमारास एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी ती पुढे आणली. जुन्या वाड्यातला चौक आठवा. चौकातून कुणी हाक मारली की ती सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाते. पण उठून बाहेर येते ती जिचे नाव घेतले तीच. इथेही तसेच आहे. संगणकाला केबल जिथे जोडतात, तिथल्या कार्डाला सहा जोड्यांचा स्वतःचा एक क्रमांक असतो. माझ्या टेबलावरचा संगणक आधी "ऐका हो" अशा अर्थाची सहा अक्षरे पाठवतो आणि मग तो क्रमांक ओळीने सोळा वेळा उच्चारतो. सगळी मिळून १०२ अक्षरांची हाक. ती साऱ्या यंत्रांना ऐकू जाते, पण जागे होते एकच. उलट उत्तर मात्र मिळत नाही. उठले की नाही, ते डोळ्यांनीच पाहायचे.

आता तुम्ही म्हणाल, बंद असलेल्या यंत्राला ऐकू कसे येते? तर त्या कार्डापुरती थोडीशी वीज रात्रभर चालू राहते. एका संगणकामागे दोन वॅट धरले, तर वीस संगणकांचे चाळीस वॅट. पंधरा तासांत अर्ध्या युनिटाच्या थोडी वर. तेच संगणक रात्रभर चालू ठेवले आणि प्रत्येकी पन्नास वॅट धरले, तर पंधरा युनिटे जळतील. म्हणजे सौदा काही वाईट नाही.

त्या मुलाने एक दुपार खर्च करून सगळे जमवून दिले. दुसऱ्या दिवशी मी मुलींसमोर मोठ्या ऐटीत कळ दाबली. एकही संगणक हलला नाही! मुली हसू लागल्या, माझा चेहरा पडला. पाहते तर भिंतीवरच्या बोर्डाची सगळी बटणे खाली. आमच्या शिपाईमावशी म्हणाल्या, "बाई, मी रोज जाताना बंद करून जाते. उगीच वीज कशाला जाळायची?" मी जरा फणकाऱ्यानेच म्हटले, "यापुढं बोर्डाला हात लावू नका." मावशी काही बोलल्या नाहीत.

पुढे दिवाळीला मी माहेरी गेले. माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. उसाच्या कडेला विहीर, विहिरीवर मोटार. पंप म्हटला की आम्हा सांगलीकरांना किर्लोस्करवाडी आठवतेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या या वाडीतून पंप शेतावर गेले, आणि १९३० पासून 'स्त्री' मासिकही घराघरांत गेले. पण पंप कितीही चांगला असो, त्याचा खटका दाबायला शेतावर कुणीतरी जायलाच हवे. त्यात शेतीची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी असली की उसातून बॅटरी घेऊन जायचे. विंचूकाट्याचे भय, बिबट्याचे भय; आणि दारात जागी बसायला आई नाहीतर वहिनी. २०१७ मध्ये सरकारने दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आणली, ती याच त्रासापायी.

या त्रासावरचाच एक उपाय म्हणजे फोनवर सुरू होणारी मोटार. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांचे हाल पाहून 'नॅनो गणेश' हे असे साधन तयार केले. २००९ मध्ये त्याला नोकिया कंपनीच्या स्पर्धेत बक्षीसही मिळाले. आमच्या दादाने बसवले ते दुसऱ्या बनावटीचे, पण काम तेच. स्टार्टरजवळच्या पेटीत सिम असते. घरून फोन केला की मोटार सुरू. म्हणजे शाळेतल्या संगणकांसारखी ही मोटारही एक कान उघडा ठेवून निजलेली!

त्या दिवशी पंपाच्या दांड्यापाशी पाणी गळत होते. दादाने फोनवरून मोटार बंद केली आणि दोरी भरायला तो विहिरीवर गेला. वहिनीही सोबत होती. इकडे घरी बाबांनी पाहिले, वीज आहे आणि मोटार बंद! त्यांना कमी ऐकू येते. दादा काय सांगून गेला ते त्यांच्या कानावर पडलेच नव्हते. त्यांनी आपल्या फोनवरून मोटार चालू केली.

दादाचे बोट तेव्हा दांड्याला टेकलेले होते.

मोटार फिरली नाही. कारण वहिनीने येताक्षणीच मेन स्विच खाली ओढला होता आणि फ्यूजच्या तिन्ही किटकॅट काढून पदराच्या गाठीत बांधल्या होत्या. संध्याकाळी मी तिला विचारले, तेव्हा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "वन्सं, फोन काय, कुनाच्याबी हातात असतोय. किटकॅट माझ्या पदराला असल्यावर मोटार कोन चालू करतंय?" बाबा मात्र दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

सांगलीला परत येताना बसमध्ये माझ्या डोळ्यांपुढे शिपाईमावशीच येत होत्या. जे वहिनीला कळले होते, तेच त्यांना न शिकता कळले होते. दुरून बंद केलेले यंत्र निजलेले असते. जागेवर वीज तोडलेले यंत्रच खरे बंद. मी शाळेत गेल्यावर आधी मावशींची माफी मागितली आणि मग दोघींनी मिळून नियम ठरवला. रोज बोर्ड चालू ठेवायचा. शनिवारी सफाईच्या वेळी, दुरुस्ती असेल तेव्हा, आणि वळवाच्या विजा चमकू लागल्या की बोर्ड बंद. आणि त्या वेळी केबलसुद्धा काढायची. बोर्ड बंद करण्याचा अधिकार मावशींचा, आणि त्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय तो कुणी चालू करायचा नाही, अगदी मीसुद्धा!

तुमच्या घरी वा शाळेत ही सोय करायची असेल, तर थोडे ध्यानात ठेवा. संगणक शक्यतो केबलने जोडलेला असावा. ही सोय संगणकाच्या आतल्या मांडणीत आणि विंडोजमध्ये, अशा दोन्ही ठिकाणी चालू करावी लागते. विंडोजमधले 'फास्ट स्टार्टअप' बहुधा बंद करावे लागते. वीज बराच वेळ गेली, तर काही संगणक पहिल्यांदा हातानेच सुरू करावे लागतात. आणि साऱ्यांना एकदम उठवू नका. मी पाच-पाचांना हाक मारते. शेतावर तर 'ऑटो स्विच' लावू नका असे महावितरण सांगत असते, कारण वीज येताच शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते.

आणि संगणक नसला, तरी फोनवर चालणारा गीझर, दिवे, पाण्याची मोटार आता कितीतरी घरांत आली आहे. त्यांपैकी कशालाही हात घालण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करा आणि घरातल्या सगळ्यांना मोठ्याने सांगा. कमी ऐकू येणाऱ्याला जवळ जाऊन सांगा. २०१९ च्या महापुरात सांगलीत घराघरांत पाणी शिरले होते. अशा वेळी पाणी चढण्याआधीच मेन स्विच बंद करायचा असतो. तेव्हा निजलेल्या यंत्रावर विसंबून चालत नाही.

आता माझा तास वेळेवर सुरू होतो. मुली आत येईपर्यंत वीसही पडदे उजळलेले असतात. आणि शनिवारी मावशी ओले फडके घेऊन आल्या की आधी बोर्डाची बटणे खट्खट् खाली पडतात. माहेरी बाबा आता मोटार लावण्याआधी वहिनीला विचारतात, "सूनबाई, पदर मोकळा हाय न्हवं?"